उलट्या तोंडाचे घर

२२ सप्टेंबर, रविवार

दुपारी घरी पोचले. पदवीचा कागद बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "जाड आहे गं. चांगला कागद वापरलाय." एवढेच. आमच्या घरात याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, तेव्हा काय बोलावे ते त्यांना सुचले नसावे. मग मीच तो आईच्या फोटोशेजारी टेकवून ठेवला.

आल्या आल्या कामाचे बोलणे काढायचे नाही असे ठरवले होते, पण माझा भाऊ डॅरिल, जो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला अल्बर्टात असतो, त्याचा फोन आला आणि विषय निघालाच. गेल्या फेब्रुवारीत बाबांना न्यूमोनिया झाला तेव्हा स्वयंपाकघरात पाणी पिंपात गोठत होते. डॅरिलचे म्हणणे सरळ आहे. थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, घराचे काही झाले नाही, तर तो बाबांना हिवाळ्यासाठी फोर्ट मॅकमरीला नेणार. हिवाळ्यासाठी म्हणजे कायमचेच. बाबांनी त्याला विचारले, "तुझ्याकडे खिडकीतून काय दिसतं?" डॅरिल म्हणाला, "पार्किंग." बाबांनी फोन माझ्या हातात दिला.

माझे ठरलेले आहे. बाहेरच्या सगळ्या भिंतींना आतून सहा इंच इन्सुलेशन. मग एका शेगडीवर, थोड्या लाकडात, घर हिवाळा काढेल आणि बाबा इथेच राहतील. अठरा नोव्हेंबरला मला सेंट जॉन्समध्ये नोकरीवर हजर व्हायचे आहे. काम जुनी घरे तपासण्याचेच. आमच्या खाडीतली निम्मी घरे रिकामी आहेत. सगळे म्हणतात, मासळी संपली म्हणून लोक गेले. मला वाटते काही जण निव्वळ थंडीला कंटाळून गेले असतील, आणि थंडीवर तर उपाय आहे. पहिले घर आमचे.

योजना बाबांना वाचायला दिली. चष्मा सापडेना, म्हणून मीच मोठ्याने वाचून दाखवली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

कॉलेजमधून उसना आणलेला उष्णता दाखवणारा कॅमेरा आज बाहेर काढला. उबदार जागा नारिंगी दिसते, थंड जागा निळी. मी घरभर तो रोखून फिरत होते तेवढ्यात विनीमावशी आत आली. शेजारच्या पिवळ्या घरातली विनी स्नूक. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. आमच्याकडे दार वाजवून कोणीच येत नाही, पण मावशी तर दार उघडता उघडताच बोलायला लागते.

"माझा काढ बघू फोटो."

काढला. गाल लाल, नाक निळेशार.

"अगं बाई, नाक निळं? म्हणजे मी मेलेय की काय?"

बाबा स्वयंपाकघरातल्या खाटेवरून म्हणाले, "तिचं नाक कायमच थंड असतं. त्याला कॅमेरा कशाला हवा?"

मावशीने त्यांना हातातल्या मोज्याने मारले आणि मोलॅसिसचा, म्हणजे काकवीचा, डबा बरोबर वरच्या फळीवरून काढून तळलेल्या पावावर ओतायला लागली. तिच्या घरात घालायच्या सपाता आमच्या खाटेखाली राहिल्या आहेत, विसरून गेली असावी. तिला सांगायला हवे.

पण आजची खरी गोष्ट वेगळीच. सगळ्या घरात सर्वांत उबदार भिंत निघाली ती बैठकीच्या खोलीची, टेकडीकडची. त्या खोलीत कोणी बसत नाही. पाद्रीबाबा आले तर, नाहीतर घरात कोणी गेले तर. आणि स्वयंपाकघर, जिथे आम्ही दिवसभर असतो, त्याची समुद्राकडची भिंत कॅमेऱ्यात निळ्याहून थंड, जवळजवळ काळी दिसते. वारा येतो ईशान्येकडून, म्हणजे समुद्रावरून. मग ज्याने हे घर बांधले त्याने जाड भिंत टेकडीच्या बाजूला का घातली? माझे पणजोबा मूर्ख नव्हते. त्यांनी बांधलेल्या होड्या अजून तरंगतात.

बाबांना विचारले. ते म्हणाले, "तू शिकलेली आहेस, तूच शोध."

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज लाज वाटण्यासारखे झाले. स्वयंपाकघराच्या भिंतीत कोपऱ्यात एक भोक पाडले. आतल्या पोकळीत किती जागा आहे ते बघायचे होते, कारण माझे सगळे गणित त्या पोकळीवर बेतलेले होते. ड्रिल जातच राहिले, जातच राहिले, आणि बाहेर लाकडाचाच भुसा. पोकळी नाहीच. उभे ओंडके एकाला एक लावून भिंत केली आहे आणि मधल्या फटींत शेवाळ ठासले आहे. वाळून कडक झालेले. बोटाने ओढले तर कचऱ्यासारखे गळून पडले आणि त्या फटीतून वारा थेट माझ्या मनगटावर आला.

चार वर्षे मी इतरांच्या भिंतींचे आडवे छेद काढले. स्वतःच्या घराची भिंत कशी आहे ते मला माहीत नव्हते.

बाबा हसून हसून खोकले. "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं की."

"मग सांगितलं का नाही?"

"भोक पाडताना इतकी खूश दिसत होतीस."

दिवसभर वाटत होते की चिडावे, पण खरे म्हणजे मला मजा वाटते आहे. लाकूड भरीव असेल तर नियमच वेगळे. आतून जाड थर दिला की ओंडके बाहेरच्या थंडीत एकटे पडणार. घरातली वाफ फटींतून त्यांच्यापर्यंत पोचली की तिथेच पाणी धरणार, आणि मग कुजणे आले. सहा इंच कदाचित जास्त होतील. मग किती? पाच? चार? हे कोणत्याही पुस्तकात नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्यांनी शेवाळाची भिंत पाहिलेली नसावी.

संध्याकाळी धुतलेले कपडे मागच्या दारापासून लाकडांच्या खोपटापर्यंत बांधलेल्या दोरीवर घातले. दोरी कमरेइतक्याच उंचीवर आहे, चादरी जमिनीला लागतात. ही काय कपड्यांची दोरी झाली? बाबांनी येऊन सगळे कपडे काढायला लावले. एवढ्यातेवढ्यावरून ते असे कधी चिडत नसत. आजारपणाने माणूस चिडका होतो.

३० सप्टेंबर, सोमवार

कोडे सुटले.

बैठकीच्या भिंतीचा एक हातभर तुकडा काळजीपूर्वक सोलला. वरच्या कागदाखाली दुसरा, त्याखाली तिसरा, मग पीठ लावून चिकटवलेली वर्तमानपत्रे, मग शिडाचे जाड कापड, मग पुन्हा फळ्या, आणि त्यामागे ओंडक्यांमध्ये शेवाळ इतके घट्ट की सुरीचे टोक जाईना. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी त्याच एका भिंतीशी भांडत राहिले होते. वारा नसलेल्या बाजूला एवढी मेहनत कोणी करत नाही.

म्हणजे त्या बाजूला वारा होता. म्हणजे घर पूर्वी वेगळ्या दिशेला तोंड करून उभे होते.

हे बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी खाटेवरून पाय खाली घेतले. मग म्हणाले, "बस. चहा कर आधी."

घर गल नावाच्या बेटावरून पाण्यातून ओढत आणले हे मला लहानपणापासून ठाऊक होते. आमच्या या किनाऱ्यावरची अर्धी घरे तशीच आली. सरकारने बेटे रिकामी करायला सांगितली आणि लोकांनी घरांना पिंपे बांधून ती तरंगवत आणली. पण पुढचे कधी कोणी सांगितले नव्हते. बाबा तेव्हा शाळकरी होते. घर किनाऱ्याला लागले ते भरतीला, आणि लागले पाठमोरे. स्वयंपाकघर समुद्राकडे. वर चढवायच्या आधी दोरखंड लावून ते फिरवायचे होते. पण ओहोटी लागली, माणसे दमलेली, आणि हिबरकाका, ज्यांच्या आरोळीवर सगळे दोर ओढत, त्यांचा आवाज बसलेला. ते म्हणाले, आज आहे तसंच वर घेऊ, उद्या फिरवू.

"मग?"

"मग उद्या रविवार होता," बाबा म्हणाले. "सोमवारी दुसऱ्या कोणाचं घर आणायचं होतं."

"आणि नंतर?"

"नंतर तुझ्या आजीनं पडदे लावले."

बेटावर जी भिंत आडोशाला होती आणि म्हणून कोणी तिच्यासाठी काही केले नाही, ती आज पन्नासहून जास्त वर्षे ईशान्येचा वारा खाते आहे. आणि जिने वारा खायचा म्हणून तिला चिलखत चढवले, ती टेकडीकडे बघत बसली आहे. मला हे सगळे इतके आवडले की झोपच येणार नाही असे वाटते. सगळ्या घराला इन्सुलेशन घालायची गरजच नाही. प्रश्न एका भिंतीचा आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

एका भिंतीचा प्रश्न, पण बाबा हट्टाला पेटले आहेत. आतून काही लावायचे नाही म्हणतात.

"चार इंच," मी म्हणाले.

"एकही नाही."

"तीन. तीन इंचांनी काय फरक पडतो, बाबा?"

"तुला पडत नाही तर लावतेस कशाला?"

विनीमावशी विणता विणता बाबांना म्हणाली, "एली, पोरगी माशाचा भाव केल्यासारखी खाली येतेय. तूही जरा वर ये."

"मी आहे तिथंच बरा आहे."

"तोच तर रोग आहे तुझा."

मी समजावून सांगितले की भिंत तीन इंच आत आली तर टेबल आणि खाट तेवढीच सरकतील, बाकी काही नाही. ते म्हणाले, टेबल सरकणार नाही. टेबल आई असताना जिथे होते तिथेच आहे. मला वाईट वाटले. आईला जाऊन पाच वर्षे झाली, आणि ते टेबलाच्या जागेला अजून धरून आहेत. पण आठवणीसाठी माणसाने न्यूमोनिया घ्यायचा का? आई स्वतःच आधी टेबल हलवायला निघाली असती.

बाहेरून करायचे तर फळ्या काढाव्या लागतील, परांची बांधावी लागेल, आणि ऑक्टोबर कसा जाईल सांगता येत नाही. आतून मी एकटी आठवड्यात करू शकते. डॅरिल अकरा दिवसांनी फोन करणार.

बाबा आणि मावशी उद्या गँडरला, शहरात, जाणार आहेत, मावशीच्या गाडीने. लोकर आणायला म्हणे. बाबांना लोकरीत कधीपासून रस वाटायला लागला, देव जाणे. पण ते घराबाहेर पडतात हे चांगले. स्वतःची गाडी तर त्यांनी उन्हाळ्यात विकून टाकली. चाकाचे काहीतरी बिघडले होते म्हणाले.

६ ऑक्टोबर, रविवार

मला एक कल्पना सुचली आहे. माणसाला आकडा पटत नाही, डोळ्यांनी बघितले की पटते. दुकानातून खोकी आणली आहेत. ती भिंतीला लावून चिकटवायची, टेबल आणि खाट तेवढी पुढे घ्यायची, आणि बाबांना दोन दिवस तशा स्वयंपाकघरात राहू द्यायचे. तीन इंच म्हणजे काहीच नाही हे त्यांचे त्यांनाच कळेल. ते उद्या सकाळी खाली धक्क्यावर गेले की करते.

७ ऑक्टोबर, सोमवार

त्यांचा हात भाजला.

लिहायला बसले आहे, पण कसे लिहू? खोकी लावून झाली होती. मी टेबल शेगडीच्या बाजूला सरकवले होते. ते आत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि रोजच्यासारखे सरळ चालत आले. मांडी टेबलाच्या कोपऱ्यावर आदळली, तोल गेला, आणि आधारासाठी टाकलेला हात तापलेल्या शेगडीवर पडला.

मी हात गार पाण्यात धरला. मग पट्टी आणायला कपाटाकडे धावले. वळून बघते तर बाबांनी हात पुढे केला होता. मी आधी जिथे उभी होते, त्या बाजूला. रिकाम्या जागेकडे तळहात पसरून ते वाट बघत होते.

पट्टी बांधली. मग टेबल जागेवर नेले, खोकी उपटून काढली, आणि त्यांच्यासमोर बसले.

"केव्हापासून?" मी विचारले.

"काय केव्हापासून?"

"बाबा."

त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "दोन वर्षं झाली असतील. कडेकडेचं गेलं आधी. आता मधे एक भोक राहिलंय, दुर्बिणीतून बघावं तसं. त्यातही धुकं."

"डॉक्टर?"

"गँडरचा. थेंब देतो. म्हणतो आहे ते टिकवायचं, गेलेलं येत नाही."

दोरी. गाडी. चष्मा. पदवीच्या कागदाचा जाडपणा. मी एवढी निरीक्षणे करत हिंडत होते आणि माझ्या नाकासमोरचे मला दिसले नाही. ते या घरात हाताने आणि पावलांनी राहतात. दारापासून टेबल, टेबलावरून शेगडी, शेगडीवरून खाट. मी तीन इंचांचा भाव करत होते तेव्हा मी त्यांच्या पायाखालची जमीन सरकवत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू डॅरिलला सांगितलं असतंस. तुला खोटं बोलता येत नाही. आईवर गेलीयेस."

हे खरे आहे, आणि म्हणूनच आता काय करावे मला कळत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस विचार केला. डॅरिलपासून लपवायला मी तयार नाही. बाबांना तसे सांगितले. म्हणाले, "मग संपलंच." मी म्हणाले, संपले नाही, पण तुम्हीच सांगायचे. मी मधे बोलणार नाही. ते उठून बाहेर गेले, दोरीला हात लावून, खोपटापर्यंत. आता बघताना ती दोरी मला कपड्यांची कशी वाटली हेच कळत नाही.

मावशीला विचारले, तुला ठाऊक होते? ती म्हणाली, "मला कुठलं काय ठाऊक. मी आपली लोकर आणते." आणि डोळे पुसले.

मग भिंतीकडे बघत बसले. आत एक इंचही घ्यायचा नाही, हे पक्के. म्हणजे बाहेरून. बाहेरून केले तर ओंडके उलट घराच्या उबेत येतात, कुजायची भीती जाते. खरे तर पहिल्यापासून हेच बरोबर होते. मी आतून धरून बसले ते मला एकटीने करून दाखवायचे होते म्हणून.

आता बाहेरून किती? सबंध संध्याकाळ गणित केले आणि त्यातून एक गमतीची गोष्ट दिसली. दगडी लोकरीचा, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या तक्त्यांचा, पहिला इंच या भिंतीतून पळणारी ऊब जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी करतो. दुसरा त्याच्या निम्म्याहूनही कमी काम करतो. तिसरा आणखी कमी. चौथ्याचे काम चिमूटभर. मी सहा इंचांसाठी जीव टाकत होते, आणि खरी लढाई पहिल्या दोन इंचांतच संपते. त्यापुढे माणूस स्वतःच्या समाधानासाठी भरत जातो.

वर वळचणीचाही हिशोब आहे. ही बाजू मुळात घराची मागची, म्हणून छप्पर इथे फारसे बाहेर आलेले नाही. भिंत वळचणीच्या पुढे गेली तर पागोळ्या तिच्या डोक्यावर पडतील. फळ्या आणि त्यांच्यामागची हवेची जागा धरली तर लोकरीला जास्तीत जास्त चार इंच मिळतात.

बाबांना सांगितले. "तीन कर," ते म्हणाले.

"चार बसतात."

"बसतात म्हणून घालायचे?"

"यंदा घालायचे."

१४ ऑक्टोबर, सोमवार, थँक्सगिव्हिंग

मावशीने टर्की केली, खारवलेल्या मांसाबरोबर सलगम आणि कोबी उकडले. जेवण झाले आणि फोन वाजला. मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला आणि हात मांडीखाली घेऊन बसले.

डॅरिल म्हणाला, "काय ठरलं? मी तिकिटं बघून ठेवलीयेत."

बाबा म्हणाले, "मला नीट दिसत नाही, डॅरिल."

मग त्याने विचारले, किती? बाबांनी दुर्बिणीचे सांगितले. डॅरिलचा आवाज बदलला. "मग तर प्रश्नच नाही, बाबा. एकटे राहता तिथं तुम्ही. डेलिया नोव्हेंबरात जाणार. पडलात तर? वादळात शेगडी विझली तर?"

"तुझ्याकडे आलो तर काय करीन?"

"बसा आरामात."

"तेच म्हणतोय. तिथं मी खुर्चीत बसवलेला एक आंधळा. इथं मी एली पार्डी आहे, फक्त दिसतं कमी. धक्क्यावर जातो, जाळी विणतो, लाकडं आणतो. तुझ्या घरात मला संडासात जायलाही कोणीतरी हाताला धरून न्यायचं."

"एका दिवसात शिकाल."

"हे घर शिकायला मला साठ वर्षं लागली, पोरा. तुझ्याइतका वेळ नाहीये माझ्याकडे."

डॅरिल रडत होता की काय मला कळले नाही, पण तो शेवटी म्हणाला, "थंडीचं काय?" तेव्हा बाबांनी मान माझ्याकडे, म्हणजे जवळजवळ माझ्याकडे वळवली. मी सगळे सांगितले. ओंडके, शेवाळ, चार इंच. त्याने अट घातली. ईशान्येचे पहिले मोठे वादळ येऊ दे. त्या रात्रीत स्वयंपाकघर अठरा अंशांच्या खाली उतरले, तर तो येऊन बाबांना नेणार आणि मग वाद नाही. नाही उतरले, तर नाताळला येऊन स्वतः बघेल.

"कबूल," बाबा म्हणाले. मला विचारलेही नाही.

फोन ठेवल्यावर मावशी म्हणाली, "एकटा राहतो म्हणे." आणि भांडी जरा जोरातच आपटली. तिला बाबांची काळजी वाटते.

२६ ऑक्टोबर, शनिवार

कोणाला बोलावले नव्हते. सकाळी दार उघडले तर अंगणात शिड्या घेऊन सहा-सात माणसे उभी. बाहेरच्या फळ्या दुपारपर्यंत उतरल्या. फटींमधले जुने शेवाळ काढून त्या दोरखंडाच्या धाग्याने आणि डांबराने बुजवल्या. हे माझ्या योजनेत नव्हते. होडीला करतात तेच घराला केले, आणि मला त्यापेक्षा चांगले काही सांगता आले नाही. मग लोकरीचे तक्ते, मग पट्ट्या, मग त्याच फळ्या परत.

"एली, घराला स्वेटर घालतोयस काय?"

"तुझ्या बायकोला विचार, तिच्याकडे लोकर उरलीये का."

"आता या बाजूला एवढं जाड केलंत, तर घर फिरवायचंच राहिलं की कायमचं."

"सोमवारी फिरवू," बाबा म्हणाले. सगळे हसले. त्यातले निम्मे तेव्हा त्यांच्याबरोबर शाळेत होते.

दार आता चार इंचांहून जास्त खोल गेले आहे. उंबरठ्यावर एक पाऊल नवीन आले. आत काहीच हलू दिले नाही, पण बाहेर हे एक बदललेच. माणसे गेल्यावर बाबा कितीतरी वेळ त्या दारातून आत-बाहेर करत होते. आधी चौकटीला हात लावून, मग न लावता. मी खिडकीतून बघत होते. मोजत असावेत, म्हणून हाक मारली नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

थंडी पडली, पण वारा नाही. स्वयंपाकघर ठीक आहे. वाऱ्याशिवाय त्याला अर्थ नाही. मी आशेने आकाशाकडे बघते आणि मग वादळ यावे अशी इच्छा केल्याबद्दल अपराधी वाटते. पाण्यात आमच्या इथल्या माणसांच्या होड्या आहेत.

परवा सेंट जॉन्सला जायचे आहे. कॅमेरा परत करायचा, राहायला खोली बघायची. बाबांना दोन-तीन रात्री एकट्याने काढाव्या लागतील. मावशीला म्हणाले, जमले तर दिवसातून एकदा डोकावशील का? ती म्हणाली, "बघते. जमवते कसंतरी." भली बाई आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

वादळ आले, आणि मी इथे नव्हते.

काल दुपारी सेंट जॉन्समध्येच इशारा ऐकला आणि निघाले, पण वाटेतल्या क्लॅरनव्हिलच्या पुढे रस्ता बंद. मैत्रिणीच्या घरी अडकून पडले. काल संध्याकाळपासून बर्फ आणि ईशान्येचा वारा. घरी फोन लागेना, तारा पडल्या होत्या. रात्रभर मी मनातल्या मनात तेच गणित करत होते. फटी बुजवल्या का नीट? दाराच्या खालची? तीन अंश कमी पडले तर? डॅरिल काय म्हणेल यापेक्षा बाबा काय करत असतील हेच डोळ्यांपुढे येत होते. शेगडी विझलेली, लाकडे खोपटात, दोरी बर्फाखाली.

पहाटे बर्फ हटवणाऱ्या गाडीमागून पावाची गाडी निघाली, तिच्यात बसून आले. आठच्या सुमारास खाडीत उतरले. वारा पडला होता. आमच्या अंगणात गुडघाभर बर्फ, पूर्ण कोरे. घराच्या समुद्राकडच्या भिंतीवर त्याचा पातळ थर वळचणीपर्यंत थापला गेला होता.

मी दार ढकलले आणि सबंध अंगावर ऊब आली. नुसती ऊब नाही. तोंडात मारल्यासारखी. भिंतीवरचा तापमापक बघायला धावले तर बावीस अंश. आणि समुद्राकडची खिडकी चांगली चार बोटे उघडी.

"खिडकी कोणी उघडली?" मी विचारले.

बाबा सदऱ्याच्या बाह्या वर करून टेबलाशी बसले होते. विनीमावशी समोर, चहा ओतत होती.

"मी," बाबा म्हणाले. "रात्री कधीतरी. भट्टी झाली होती नुसती. आणि समुद्राचा आवाज येईना. आता येतो."

"अख्ख्या वादळात उघडी होती?"

"म्हणून तर बावीस आहे," मावशी म्हणाली. "लावू नकोस गं ती, आता कुठे बरं वाटतंय."

मी कोट न काढताच बसले. मला हसू येत होते आणि रडूही. बाबा म्हणाले, "मी म्हणत होतो, तीन."

म्हणाले होते. चौथा इंच आम्ही रात्रभर खिडकीतून समुद्राला दिला. हे कुठेतरी नीट मांडून ठेवायला हवे, पुढच्या घरासाठी. फोन सुरू झाला की डॅरिलला बावीस सांगायचे, आणि खिडकीचेही सांगायचे, नाहीतर विश्वास ठेवणार नाही.

एवढ्या वादळानंतर बाबा ठीक आहेत का ते बघायला मावशी माझ्याही आधी आली, याबद्दल तिचे आभार मानायचे राहून गेले. बिचारी फारच पहाटे उठून आली असणार. तिच्या दारापासून आमच्या दारापर्यंत वाऱ्याने एक ठसासुद्धा शिल्लक ठेवला नव्हता.